डाव्या हातावरचा भार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून कधी वाचले नाहीत. जेवणं झाली की बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो, आणि कुठे पांढरी साडी किंवा पैंजणांचा आवाज आला की आम्ही दोघं हसायचो. काशीत वाढलेल्या माणसाला भुताखेतांची भीती तशीही कमीच... आमच्या गल्लीतून प्रेत जात असताना लोक हातातला चहाचा कुल्हड खाली ठेवत नाहीत, जरा भिंतीकडे सरकतात एवढंच. मरणाबद्दल जे काही ठाऊक असायला हवं ते आपल्याला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे पुढचं वाचून कोणाला हे सगळं खोटं वाटलं तर मी वाद घालणार नाही. मी वाचक असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

आमचं घराणं कोकणातून इथे येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. माझे काका महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं दशाश्वमेध घाटावर करतात. मी त्या वाटेला गेलो नाही. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या एका ग्रंथालयात मी कॅटलॉगिंगचं काम करतो. बायको वसुधा सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या हिंदी वळणाच्या मराठीची तिला फार गंमत वाटायची. काका म्हणायचे, "सूनबाई, जरा खिडकी बंद करून दे, हवा लागते आहे," आणि ती तोंडाला पदर लावून आत पळायची.

गेल्या माघात आमचं पहिलं मूल जन्माला आलं. मुलगा. सिझेरियन करावं लागलं, त्यानंतर वसुधाचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिला आयसीयूत हलवलं. बाळाला श्वास नीट घेता येत नव्हता, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी या मजल्यावरून त्या मजल्यावर जात राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वसुधा औषधांच्या गुंगीत होती. त्याला तिने पाहिलंही नव्हतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई काकांना म्हणाल्या, "तिला दाखवू नका हो. बघितलं की ओढ लागते. मग ते तोंड आयुष्यभर डोळ्यांपुढून हलत नाही."

काका म्हणाले, "बरोबर आहे. आईला दाखवत नाहीतच."

मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही. नर्सने तोपर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं होतं. डाव्या हातावर. डोकं कोपराच्या खळगीत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो — इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. इथले बरेच लोक आता पलीकडच्या रेतीत पुरतात, पण आमच्या घरात गंगेत सोडायची रीत आहे. आई घाटावर जात नाही. बापाने न्यायचं आणि बापानेच आपल्या हाताने सोडायचं. आम्ही रिक्षाने चौकापर्यंत आलो, तिथून गल्ल्यांतून शिंदे घाटावर उतरलो. धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. काकांनी नाव ठरवली. मल्लाहाने, म्हणजे नावाड्याने, एक पाटा-दगड आणि सुतळी आधीच नावेत ठेवली होती.

मधल्या धारेत नाव थांबली. मल्लाहाने माझ्या मांडीशी बसून, कपडा न हलवता, दगड बांधला. काका मंत्र म्हणत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"श्रीकांत, तू डोळे मिट."

"काका, मला सोडायचं आहे ना?"

"मिट म्हणतो ना. तुझ्याच्यानं होणार नाही. हम लोग हैं न." शेवटचं वाक्य ते मला म्हणाले की मल्लाहाला, कोण जाणे.

मी डोळे मिटले. कोणीतरी माझ्या हातातून त्याला उचललं. पाण्याचा आवाज झाला असेल, मला ऐकू आला नाही. डोळे उघडले तेव्हा नाव वळली होती, आणि माझा डावा हात तसाच दुमडलेला होता.

घाटावर काका म्हणाले, "स्नान कर. कपडे बदल. झालं."

"बाकी काही?"

"बाकी काय असणार? दात आले नाहीत, नाव ठेवलं नाही. याची क्रिया नसते." आणि मग खूप हळू, "नसते रे बाळा."

ज्या घाटांवर लोकांच्या पणज्यांपर्यंतची तर्पणं रोज होतात तिथे माझ्या मुलासाठी एक अंघोळ होती. मी ती केली. दोन-चार दिवसांनी कामावर गेलो. ग्रंथालयात सगळे भले आहेत. सगळ्यांनी विचारलं, "भाभीजी कैसी हैं? उनका खयाल रखिए." फोनवर सांगलीचे लोक सांगत, वसुधाला जपा. बरोबरच होतं. मी जपत होतो. ती घरी आली तेव्हा एकदाच तिने विचारलं, "कसा होता?" मी म्हटलं, "चांगला होता." तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आमच्यात गॅस संपला, दूध आणलं का, एवढंच बोलणं राहिलं.

हाताचं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. एकदा मांडणीवरून पोथीचं बासन काढताना लक्षात आलं की मी सगळं उजव्या हाताने करतो आहे. डावा हात छातीशी दुमडलेला. सरळ करता येत होता, दुखत नव्हता... फक्त करावासा वाटत नव्हता, कारण त्याच्यावर भार होता. ठरावीक जागी. खळगीत जास्त, मनगटाकडे कमी. काही वेळा दिवसभर काही नसे, आणि मग वाचता वाचता अचानक हात भरून यायचा. पुढे पुढे त्याला ऊबही आली.

डॉक्टरांना दाखवलं. हाडं ठीक, नसा ठीक. मी पुस्तकातला माणूस, मीही शोधलं. कापलेल्या पायाला खाज सुटते असं म्हणतात, तसंच हे. मेंदूला अजून कळलेलं नाही. मला ते पटलं. वसुधाला सांगितलं नाही. तिच्यासमोर मी हातात काहीतरी धरून बसत असे — वर्तमानपत्र, टॉवेल — म्हणजे हात वाकलेला दिसायला कारण राहील. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो, की मला त्याचा त्रास नव्हता. हात भरला की बरं वाटायचं.

मेंदूचं ते स्पष्टीकरण चैत्रापर्यंत टिकलं.

सकाळी कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका भागात गेलो होतो, परत येताना घराकडच्या मैदागिनचा टोटो — बॅटरीरिक्षा — पकडला. समोरासमोरच्या बाकांवर माणसं दाटून बसलेली. माझ्या समोर मध्यम वयाची एक बाई, पायांशी भाजीची भलीमोठी पिशवी. ऊन माझ्या बाजूने आत येत होतं. हात भरलेला होता, मी बाहेर बघत होतो. त्या बाईने पाय आखडून घेतले आणि पिशवी आपल्याकडे ओढली.

"झोला हटा लेते हैं भइया, बाबू को गड़ रहा होगा।"

मला वाटलं, शेजारच्या कोणाला म्हणते आहे. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. मूल कोणाकडेच नव्हतं.

ती पुढे वाकली. "कैसे पकड़े हैं आप! सीधा मुँह पर धूप आ रही है। मरद लोग को कुछ बुझाता नहीं।" ती हसत होती. माझ्या खांद्यावर गमछा होता, त्याचं सुटं टोक तिने धरलं आणि माझ्या दुमडलेल्या हातावर ओढून नीट पसरलं. आया करतात तसं. शेवटी हलक्या हाताने वरून एकदा थोपटलं.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग परत माझ्याकडे. काय दिसलं की काय दिसेनासं झालं, मला ठाऊक नाही. तोंडाचा रंग उतरला. "रोको! ए, रोको!" असं ओरडत ती चालत्या टोटोतून पिशवीसकट उतरली. दोन वांगी रस्त्यावर पडली, तिने मागे वळून पाहिलं नाही. पेंगणारे गृहस्थ जागे होऊन म्हणाले, "क्या हुआ? पर्स मार लिया क्या किसी ने?"

मी खाली पाहिलं. गमछा सुती, वापरून विटलेला, पातळ. तो माझ्या हातावर चपटा पडायला हवा होता. पडला नव्हता. खळगीपाशी गोल उचललेला होता, पुढे उतरता. त्याच्याखाली काहीतरी असल्यासारखा. भर दुपारच्या उन्हात, लोकांनी भरलेल्या टोटोत मी ते पाहत होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. खड्डा आला, मला गचका बसला, आणि गमछा एकदम खाली बसला. भार तसाच राहिला.

मैदागिनला उतरलो तो सरळ काकांकडे गेलो. ते जेवून सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. काकांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची सवय आहे. यात्रेकरूंना ते म्हणतात, दक्षिणा मनासारखी द्या, फक्त मन मोठं ठेवा. त्या दिवशी त्यांनी फक्त अडकित्ता खाली ठेवला.

"माझीच चूक," ते म्हणाले. "बापाने सोडायचं असतं. तुझा चेहरा मला बघवला नाही म्हणून मी डोळे मिटायला सांगितलं. मल्लाहाला खूण केली, त्याने तुझ्या हातून घेतलं. म्हणजे तू सोडलंसच नाहीस ना रे. तुझ्याकडेच राहिलं ते."

"काका, तुम्ही हे खरं मानता?"

"मी काय मानतो ते सोड. हात जड आहे का तुझा?"

"आहे."

"मग उद्या सकाळी नावेत बसायचं. त्याच जागी जायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि हात मोकळा करायचा. जाईल ते आपल्या वाटेनं." मग अडकित्ता पुन्हा उचलून म्हणाले, "सूनबाईला काही बोलू नकोस. आत्ता कुठे सावरते आहे."

घरी आलो. वसुधा जमिनीवर चटई टाकून पडली होती, पंखा चालू. सासूबाई तोवर सांगलीला परतल्या होत्या. मी कोपऱ्यात बसलो. या वेळी हातात वर्तमानपत्र घ्यायचं सुचलं नाही. ती बघत राहिली.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? घरी आल्यापासून बघते मी. मला वाटलं, माझ्यापासून लांब राहायचं म्हणून असे अंग चोरून बसता." ती उठून बसली. "सांगा ना. आज तोंड बघा कसं झालंय तुमचं."

मी सांगितलं. नाव, मल्लाह, भार, टोटोतली बाई, गमछा, सगळं. काकांनी उद्या बोलावलंय तेही. वेडा ठरवील, घाबरेल, आजारी पडेल — काय काय मनात येत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिला राग आला. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"म्हणजे परत नेणार? मला न विचारता?"

"वसुधा, हा भास असेल—"

"असू दे ना भास! मला तेवढासुद्धा नाही मिळाला! पोटात माझ्या होता, आणि बघितला सगळ्यांनी. तुम्ही, आईनं, काकांनी, नर्सनं, त्या नाववाल्यानं. आता रस्त्यावरची भाजीवाली बाई त्याला थोपटून गेली. आणि मी इथे दुधाचं पातेलं घासत बसले होते." तिचा आवाज फुटला. "पहिल्या वेळी मी शुद्धीवर नव्हते. आता आहे. द्या इकडे."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो.

"द्या म्हणते ना. कळतंय का? माझा आहे तो."

तिने मांडी घातली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे धरले. तिच्या त्या रिकाम्या हातांकडे बघताना मला आधी वाटलं ते असं — की मला द्यायचा नाही. बायकोला दुःख होईल म्हणून नव्हे. माझ्याकडे तेवढंच होतं म्हणून. मग मी गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेलो, माझं कोपर तिच्या कोपराला टेकवलं आणि हात हळूहळू ओढून घेतला. डोक्याखालचा हात सगळ्यांत शेवटी काढायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तिचे हात खाली गेले.

मी हे जसं घडलं तसंच लिहितो आहे. तिने नेले नाहीत, ते गेले. हातात कोणी अचानक वजन ठेवलं की जातात तसे, किंचितच, आणि मग तिने ते सावरले. त्याच क्षणी माझा डावा हात आपोआप वर उडाला, पूर्ण भरलेली बादली एकदम रिकामी व्हावी तसा. वसुधाचं तोंड उघडं राहिलं होतं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत होतो, आणि दोघांनाही भीती वाटत होती.

"गरम आहे हो," ती म्हणाली.



ती खाली बघायला लागली. तिला काही दिसत होतं का, मी अजूनही विचारलेलं नाही. उजव्या हाताचं एक बोट तिने पुढे केलं आणि हवेत, तिच्या कोपराच्या जरा वर, काहीतरी अलगद सरळ केलं. परत केलं. परत.

"कान दुमडलाय याचा," ती म्हणाली. "वरची कड. सरळ करते तर परत दुमडतो बघा, लब्बाड."

एक गोष्ट मी इथवर लिहिली नव्हती. त्या दिवशी हॉस्पिटलमधून येताना, काका रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी मागे एकटा होतो तेव्हा, मी तोंडावरचा कपडा जरा बाजूला केला होता. पेटीत असताना त्याला टोपी होती, कान दिसले नव्हते. डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती. मी बोटाने सरळ केली, ती परत दुमडली. रिक्षा वळेपर्यंत मी तेच करत होतो. मग कपडा पुन्हा झाकला. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. काकांना नाही, तिला नाही, कोणालाच नाही.

वसुधा दिवेलागणीपर्यंत तशीच बसून होती. त्याच्याशी बोलत होती — सांगलीबद्दल, तिच्या वडिलांबद्दल, माझ्याबद्दल काही चहाड्या. मी समोर भिंतीला टेकून बसलो होतो. खाली गल्लीत कोणीतरी म्हैस हाकत होतं, तिचे खूर दगडांवर वाजत होते. काही वेळाने वसुधाने हात मांडीवर ठेवले, आणि ते नुसते हात होते.

"गेला," ती म्हणाली. "मी सोडला नाही हं. हलका हलका होत आपणच गेला."

सकाळी काका आले. खालूनच हाक मारली, "श्रीकांत, चल रे, नाव थांबली आहे." मी जिन्यात उतरलो.

"काका, आता नको."

"म्हणजे? गेलं?"

"दिलं."

"कोणाला?"

"त्याच्या आईला."

काका जिन्याच्या पायरीवरच बसले. नेहमीचं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले, आणि उठून गेले. नाववाल्याला काय सांगितलं कोण जाणे.

त्यानंतर ना मला काही जाणवलं, ना वसुधाला. मी शंका काढून पाहिल्या आहेत. झोपेत मी कानाबद्दल बडबडलो असेन आणि तिने ऐकलं असेल. टोटोतली बाई भ्रमिष्ट असेल. गमछ्यात वारा भरला असेल. एकेक घेतलं तर प्रत्येकाला उत्तर निघतं. पण वसुधाचे हात खाली गेले ते मी समोर बसून पाहिलं, आणि तिथे माझी सगळी पुस्तकं संपतात. कोणाला काही सांगता येत असेल तर जरूर लिहा. एखाद्या बापाने लिहिलं तर विशेष, कारण बापांना याबद्दल काही विचारायचं असतं हे लोकांना सुचत नाही, आणि आपणही सांगत नाही.

वसुधा आता बोलते. गच्चीवर कुंड्या आणल्या आहेत. परवा काकांच्या मराठीला परत हसली.

ग्रंथालयात माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या मिश्राजींनी मागच्या आठवड्यात चहा पिताना विचारलं, "वो आपका बायाँ हाथ भारी रहता था न? देखते थे हम। अब कैसा है?"

मी हात टेबलावर ठेवून पाहिला. म्हटलं, "अब ठीक है। अब कुछ नहीं है।"

"चलिए," ते म्हणाले, "बहुत अच्छा हुआ।"

मी हो म्हणालो, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन, माघापासून पहिल्यांदा, रडलो.